संकेतस्थळाचा अभिप्रेत वाचक : मराठी संकेतस्थळांच्या रचनेची चिकित्सा

प्रस्तावना

शिक्षणसंस्था, सहकारी संस्था, नगरपरिषदा आणि शासकीय कार्यालये यांच्या दृष्टीने संकेतस्थळ ही आता नित्याची बाब झाली आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत तयार केलेले पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये जगापुढे आले. त्यानंतरच्या तीन दशकांहून अधिक काळात संकेतस्थळ कसे असावे याविषयी विपुल लेखन झाले. रंगसंगती, चित्रांची निवड, पानाची मांडणी, पान उघडण्याचा वेग असे विषय त्यात प्रामुख्याने येतात. मराठीत मात्र हा विषय बहुधा संगणक विभागाकडे सोपवला गेला. संकेतस्थळ तयार करून देणारा व्यावसायिक आणि ते तयार करून घेणारी संस्था यांच्यातील व्यवहार, एवढ्यापुरताच त्याचा विचार झाला.

वास्तविक संकेतस्थळ ही एक संहिता आहे. ती कोणी तरी लिहिलेली असते आणि कोणाला तरी उद्देशून लिहिलेली असते. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी १९७२ मध्ये मांडलेली 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रत्येक संहिता आपल्या रचनेतूनच एक वाचक गृहीत धरते. हा वाचक म्हणजे प्रत्यक्ष पुस्तक हाती घेणारी व्यक्ती नव्हे, असे या संकल्पनेचे स्थूल स्वरूप सांगता येईल. ही संकल्पना संकेतस्थळाला लावून पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. संकेतस्थळाकडे लोक येतात की नाही आणि आलेले थांबतात की नाही, हे त्याच्या सजावटीपेक्षा त्याने कोणता वाचक गृहीत धरला आहे यावर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मराठी संकेतस्थळांच्या काही ठळक उदाहरणांच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे आणि शेवटी अकलूजसारख्या तालुक्यातील बाजारपेठेच्या गावाच्या संदर्भात त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

आकर्षण आणि टिकाव

भेट देणाऱ्याला आकर्षित करणे आणि त्याला टिकवून ठेवणे या दोन क्रिया एकाच दमात उच्चारल्या जातात. पण त्यांच्या कसोट्या भिन्न आहेत. जेकब निल्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार चाचणीत सहभागी झालेल्यांपैकी ७९ टक्के लोक नव्या पानावरून केवळ नजर फिरवत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्के होते. प्रतिसादाच्या वेळेविषयीची त्यांची मर्यादाही प्रसिद्ध आहे : एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. हे निष्कर्ष मुख्यतः इंग्रजी मजकुराच्या वाचनावर आधारलेले आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे मराठीला लावता येणार नाहीत. तरीही येणारा माणूस घाईत असतो, हा त्यांचा गाभा कोणत्याही भाषेत खरा आहे.

झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी याच काळात या घाईचे स्पष्टीकरण दिले. प्राणी ज्याप्रमाणे कमी श्रमात अधिक अन्न मिळेल अशा जागी वळतात, त्याप्रमाणे माणूस माहितीचा माग काढतो. पुढे काय सापडेल याचा 'गंध' दुव्याच्या शब्दांतून आला तर तो पुढे जातो. गंध आला नाही तर परततो. या दृष्टीने पाहता 'येथे क्लिक करा' किंवा 'अधिक माहिती' असे लिहिलेला दुवा गंधहीन ठरतो. 'बी. ए. भाग १ : प्रवेश अर्ज आणि शुल्क' असे लिहिलेला दुवा विद्यार्थ्याला थेट त्याच्या कामाकडे नेतो.

म्हणजेच सरकता मजकूर, फिरणारी चित्रे आणि उघडताच वाजणारे संगीत यांनी क्षणभर लक्ष वेधले तरी टिकाव साधत नाही. काम होते हा अनुभव माणसाला थांबवतो, आणि तोच त्याला पुन्हा आणतो.

अक्षर दिसण्याचा प्रश्न

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत या सर्वाच्या आधी एक अडथळा होता : अक्षर दिसणे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि २००० नंतरच्या काही वर्षांत मराठी दैनिकांच्या महाजालावरील आवृत्त्या आपापल्या खास फॉन्टमध्ये प्रसिद्ध होत. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. वाचकाला 'अकलूज' असे दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी असे. फॉन्ट उतरवून घेतल्याशिवाय पान वाचता येत नसे आणि शोधयंत्राला त्यातील एकही मराठी शब्द सापडत नसे. या संकेतस्थळांचा अभिप्रेत वाचक आपल्या यंत्रात तो विशिष्ट फॉन्ट बसवलेला, एकाच दैनिकाशी बांधलेला ग्राहक होता. वाटेने जाणाऱ्या वाटसरूला तेथे प्रवेश नव्हता.

देवनागरीचा समावेश असलेली युनिकोड प्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. परंतु सामान्य संगणकावर ती वापरता येऊ लागली ती विंडोज २००० आणि त्यानंतरच्या प्रणालींमुळे. पुढील दशकात बहुतेक मराठी संकेतस्थळांनी ती स्वीकारली. तथापि प्रश्न संपला असे म्हणता येत नाही. आजही अनेक कार्यालयांच्या सूचना छापील कागदाचे छायाचित्र म्हणून किंवा जुन्या फॉन्टमधील पीडीएफ म्हणून चढवल्या जातात. त्या डोळ्यांना दिसतात, पण शोधता येत नाहीत. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्या वाचू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व संज्ञापनाच्या साधनांपर्यंत दिव्यांगांची पोच असावी अशी तरतूद आहे. मजकुराऐवजी मजकुराचे चित्र चढवणे ही म्हणूनच केवळ सौंदर्याची उणीव नव्हे.

लिपीच्या तपशिलातही हाच प्रश्न लपलेला आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील अर्धा 'र' दोन पद्धतींनी नोंदवला जातो : एकीत नुक्तायुक्त 'ऱ' वापरतात, तर दुसरीत साध्या 'र'ला न दिसणारे जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. संकेतस्थळाच्या शोधव्यवस्थेने दोन्ही रूपे एक मानली नाहीत तर शेतकऱ्यांसाठीचे पान शेतकऱ्यालाच सापडत नाही. 'ल' आणि 'श' यांच्या वळणांचेही तसेच. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने या अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली. तरी अनेक फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद संकेतात केली तर काही फॉन्ट आपोआप मराठी वळण देतात, पण ही एका ओळीची नोंद बहुधा राहून जाते. इंग्रजी शीर्षकांसाठी वापरली जाणारी, अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची शैली देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळींत वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला की वाचक पाहुणा आणि साचा यजमान, अशी उलटापालट होते.

वाचक लेखक झाला तेव्हा

ही अडचण ज्यांनी सर्वप्रथम वाचकाच्या बाजूने सोडवली, त्या संकेतस्थळांचा विचार येथे आवश्यक आहे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ मध्ये अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत सुरू केले. 'मनोगत' २००४ मध्ये सुरू झाले. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. दृश्य सजावटीच्या दृष्टीने यांपैकी कोणतेही विशेष उल्लेखनीय नव्हते. साधी पार्श्वभूमी, मजकुराची लांबच लांब पाने आणि मोजकी चित्रे असेच त्यांचे रूप होते. तरीही त्यांनी देशोदेशीच्या मराठी वाचकांना वर्षानुवर्षे धरून ठेवले.

याचे कारण त्यांच्या अभिप्रेत वाचकात शोधावे लागते. या संकेतस्थळांनी वाचक हा लिहिणाराही आहे असे गृहीत धरले. 'मनोगत'वर रोमन कळफलकावरून थेट देवनागरीत लिहिण्याची सोय पानातच होती आणि लेखन तपासण्यासाठी शुद्धिचिकित्सकही होता. 'सदस्य', 'प्रतिसाद', 'दुवा' असे शब्द सूचनांमध्ये वापरले गेल्यामुळे संकेतस्थळाची बोलण्याची भाषाही मराठीच राहिली. ज्याच्याकडे मराठी टंकलेखनाचे प्रशिक्षण नव्हते, तो येथे मराठीत लिहू लागला. पडद्यावर आपली भाषा आपल्या हातून उमटते, हा अनुभव त्या काळी नवा होता. त्या अनुभवाशी कोणतेही चलच्चित्र स्पर्धा करू शकले नसते.

या यशाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. या संकेतस्थळांचा आरंभीचा वाचकवर्ग प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित आणि बराचसा परदेशस्थ होता. घरी किंवा कचेरीत संगणक असणे हीच त्या काळी एक निवड होती. ग्रामीण महाराष्ट्रात काय घडले हे पाहण्यासाठी दुसऱ्या उदाहरणाकडे वळणे भाग आहे.

वारणेचा धडा

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील गावांत संगणक केंद्रे उभारून शेती, आरोग्य, शिक्षण आणि बाजारभाव यांची माहिती मराठीतून द्यावी, असा त्यामागील हेतू होता. खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलला. ग्रामीण भागातील माहिती तंत्रज्ञानाच्या चर्चेत या प्रकल्पाचा उल्लेख त्या काळी वारंवार होत असे.

प्रत्यक्ष वापर मात्र वेगळ्या दिशेने गेला. केंद्रांचा मुख्य उपयोग कारखाना आणि सभासद यांच्यातील देवाणघेवाणीसाठी होत राहिला : उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, खताचा हिशोब आणि बिल. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशातून हीच माहिती देऊन पाहिली आणि २००७ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. शेतकऱ्याने संदेश पाठवावा आणि आपल्या उसाचे वजन विचारावे, एवढाच तो व्यवहार होता. पडदा नाही, चित्र नाही, रंग नाही; तरीही संगणक केंद्राने होणारे नेमके काम त्याने केले.

या उदाहरणाचा अर्थ 'ग्रामीण माणसाला माहिती नको असते' असा लावणे अन्यायाचे होईल. नियोजनकर्त्यांनी सर्वसाधारण माहितीचा भुकेला शेतकरी गृहीत धरला होता. प्रत्यक्षात आलेला शेतकरी आपल्या स्वतःच्या उसाचे वजन विचारत होता. एक वाचक कल्पित होता आणि दुसरा खरा. कल्पित वाचकासाठी केलेला खर्च वाया जातो, तर खऱ्या वाचकाचा एक आकडा त्याला रोज परत आणतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरील शेतमालाच्या दैनंदिन दरांचे तक्तेही हेच सिद्ध करतात. बाजार समिती, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर अशा रूक्ष रकान्यांत कोणतेही आकर्षण नाही. पण आजचा दर कालचा नसतो, म्हणून कांदा किंवा डाळिंब घेऊन निघालेल्या माणसाला तेथे पुन्हा यावे लागते.

तपासनिसासाठी लिहिलेली संकेतस्थळे

महाविद्यालयांच्या संकेतस्थळांकडे या दृष्टीने पाहिले असता अस्वस्थ करणारे चित्र दिसते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी लागते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, स्वयंमूल्यमापन अहवाल आणि वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षित धरले. २०१७ च्या सुधारित पद्धतीत तर दाव्यागणिक पुराव्याचे दुवे मागितले गेले. या आवश्यकतांमुळे कपाटात राहणारे कागद लोकांसमोर आले, हे त्यांचे मोठे श्रेय आहे.

दोष आवश्यकतेत नाही, मांडणीत आहे. अनेक महाविद्यालयांच्या मुखपृष्ठांवर संस्थापकांची छायाचित्रे, प्राचार्यांचे मनोगत, ध्येय आणि दृष्टी, विविध समित्या आणि निकषांच्या क्रमांकांनुसार लावलेल्या पीडीएफ फाइली यांची गर्दी असते. 'निकष ३.३.२' हे शीर्षक मूल्यांकन समितीला लगेच कळते. बारावी उत्तीर्ण मुलीला किंवा तिच्या वडिलांना ते अगम्य असते. संकेतस्थळाचा अभिप्रेत वाचक येथे तपासनीस आहे. तो काही वर्षांतून एकदा येतो. विद्यार्थी मात्र रोज येतो आणि त्याला वेळापत्रक, परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि वसतिगृहाची चौकशी या गोष्टी हव्या असतात.

भाषेची निवड हा याच वृत्तीचा दुसरा भाग. मराठी माध्यमातून शिकवणाऱ्या महाविद्यालयाचे संकेतस्थळही पुष्कळदा संपूर्ण इंग्रजीत असते आणि मराठी एखाद्या सुविचारापुरती उरते. माहितीच्या अधिकाराच्या त्याच कायद्यातील कलम ४ (४) माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील परिणामकारक माध्यम विचारात घ्यावे, असे सांगते. कायद्याची सतरा कलमी यादी काटेकोरपणे पाळली जाते. त्याच कलमातील भाषेविषयीचे वाक्य मात्र दुर्लक्षित राहते. यादी तपासली जाते आणि वाचकाला ती समजली की नाही हे तपासले जात नाही, हे यामागील कारण आहे. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह त्यांत स्पष्ट आहे. तत्त्वांचा अभाव नाही. त्यांच्या वाचनाचा आहे.

अकलूजच्या संदर्भात

नीरा नदीकाठचे अकलूज हे माळशिरस तालुक्यातील प्रमुख बाजारपेठेचे गाव. साखर कारखाना, बाजार समिती, घोडेबाजार, शिक्षणसंस्था आणि पालखीमार्ग यांमुळे या गावाची माहिती शोधणारे लोक नाना प्रकारचे आहेत. त्यांपैकी तिघांचा विचार पुरेसा ठरेल.

पहिला वारकरी. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा नीरा ओलांडून अकलूजला येतो आणि येथे गोल रिंगण होते. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला होती. तिथीनुसार चालणाऱ्या सोहळ्याची इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. त्यामुळे वर्षाचा उल्लेख नसलेले वेळापत्रक निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते. पानावर 'अद्ययावत केल्याचा दिनांक' असणे ही औपचारिकता नाही; वाचकाच्या विश्वासाचा तो पाया आहे. अकलूजची ग्रामपंचायत जाऊन २०२१ मध्ये नगरपरिषद आली. अशा बदलानंतर जुनी पाने तशीच राहिली, तर दाखल्यासाठी कोठे जावे हा साधा प्रश्नही नागरिकाला चकवतो.

दुसरा ऊस उत्पादक. त्याच्या अपेक्षेचे उत्तर वारणेने पूर्वीच दिले आहे. त्याला स्वतःच्या नोंदीचा, वजनाचा आणि बिलाचा आकडा हवा असतो. तो आकडा तीन पानांच्या आड ठेवून मुखपृष्ठावर कार्यक्रमांची छायाचित्रे लावणे म्हणजे वजनकाट्यासमोर मंडप घालण्यासारखे आहे.

तिसरी तालुक्यातील एखाद्या वाडीवरून प्रवेशासाठी येणारी विद्यार्थिनी. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाल्यापासून जिल्ह्यातील महाविद्यालयांचा विद्यापीठाशी होणारा व्यवहार जवळ आला आणि हळूहळू तो महाजालावरही आला. या विद्यार्थिनीच्या घरात संगणक नसण्याची शक्यता अधिक. तिच्यापाशी मोबाइल असतो आणि तोही बहुधा घरातील सर्वांचा मिळून. मोठ्या पडद्यासाठी रचलेले पान तिला बोटांनी ताणून पाहावे लागते. पन्नास पानांची पीडीएफ उतरवून घेतली तर घरातल्या सर्वांचा डेटा खर्ची पडतो. शुल्काचा तक्ता साध्या मजकुरात दिला, तर तिचा तालुक्याला होणारा एक हेलपाटा वाचतो. एसटीचे भाडे आणि बुडालेला एक दिवस हीच येथे संकेतस्थळाच्या यशाची खरी मापे आहेत.

या तिघांसाठी करावयाची तपासणी खर्चिक नाही. पाच व्यक्तींकडून चाचणी करून घेतली तर वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असे निल्सन यांनी २००० मध्ये मांडले. हे गणित एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटाला लागू पडते, म्हणून प्रत्येक प्रकारच्या वाचकाचा स्वतंत्र गट घ्यावा लागेल. तरीही महाविद्यालयाला ते सहज शक्य आहे. प्रथम वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल द्यावा, 'शिष्यवृत्तीसाठी कोणती कागदपत्रे लागतात ते शोधा' एवढेच सांगावे आणि मध्ये न बोलता पाहत राहावे. ते कोठे थांबतात, कोठे मागे फिरतात आणि कोणता शब्द त्यांना अडवतो, याची नोंद हाच संकेतस्थळाच्या पुढील रचनेचा आराखडा ठरेल. मराठी विभागाने दुव्यांची भाषा तपासावी, संगणक विभागाने लिपीचे संकेत आणि पानाचे वजन पाहावे, ग्रंथालयाने वर्गीकरण सुचवावे. एवढ्या विषयांचे सहकार्य ज्यात लागते, ते काम एका बाहेरच्या व्यावसायिकावर सोपवून मोकळे होता येत नाही.

समारोप

मराठी दैनिकांच्या आरंभीच्या आवृत्त्यांनी फॉन्टधारक ग्राहक गृहीत धरला आणि वाटसरू गमावला. 'मायबोली', 'मनोगत' आणि मराठी विकिपीडिया यांनी वाचकाला लेखणी दिली आणि साध्या रूपातही त्याला धरून ठेवले. वारणेच्या प्रकल्पात कल्पित शेतकरी आणि खरा शेतकरी यांतील अंतर दिसून आले. महाविद्यालयांची अनेक संकेतस्थळे अद्याप तपासनिसाशी बोलत आहेत. संकेतस्थळ कोणाशी बोलते, या एकाच प्रश्नाभोवती ही चारही उदाहरणे येऊन थांबतात.

तंत्र बदलत राहील. आजचे साचे उद्या कालबाह्य होतील. ज्या संस्थेला आपला वाचक नेमका ठाऊक आहे, तिला साचा बदलणे कठीण जात नाही. ज्या संस्थेला तो ठाऊक नाही, तिचे प्रत्येक नवे संकेतस्थळ जुन्याच चुकीला नवे रंग देते. म्हणून नव्या संकेतस्थळाचे दरपत्रक मागवण्यापूर्वी संस्थांनी एका कागदावर आपल्याकडे येणाऱ्यांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे तो काय विचारायला येतो ते लिहावे. त्या यादीत वाडीवरच्या विद्यार्थिनीचे स्थान तपासनिसाच्या आधी असले, तर संकेतस्थळाची निम्मी रचना तेथेच पूर्ण झालेली असेल.